तोच आला की दुसराच?

“मामा, त्याला थंडी वाजतेय का?”

मार्गशीर्षातली रविवारची सकाळ होती. शिरवळजवळ, वीर धरणाच्या फुगवट्याच्या काठावर मी आणि माझी पाचवीतली भाची उभे होतो. पाण्यावर धुकं, आमच्या तोंडातून वाफा. समोर पाण्यातून डोकं काढलेला एक काळा दगड आणि दगडावर साळुंकीहून जरा लहान असा एक पक्षी. शेपटी वर, खाली, वर, खाली. कुणी पोटात किल्ली फिरवून ठेवल्यासारखा तो हलत होता.

“थंडी नाही गं. त्याची सवयच आहे ती. चालताना डुलतो, खाताना डुलतो, उडून दगडावर टेकला की टेकल्या टेकल्या डुलतो.”

“नाव काय त्याचं?”

“तुतवार. आपला जुना पाहुणा आहे तो. गेली चार वर्षं दर हिवाळ्यात याच दगडावर बघतोय मी त्याला.”

हे मी जरा ऐटीतच म्हणालो. पक्ष्यांची माहिती असलेला मामा म्हणून घरात माझी थोडी पत आहे. ती भाचीनं दोन शब्दांत घालवली.

“हाच? कशावरून?”

“अगं, तोच दगड, तोच रंग, तेच डुलणं…”

“आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर दर वर्षी एक उंच मुलगा बसतो. तो काय दर वर्षी तोच असतो?”

आता तुम्हीच सांगा, यावर काय बोलणार? मी गप्प बसलो. पण घरी परतताना आम्ही दोघांनी ठरवलं, की या हिवाळ्यात दर रविवारी काठावर यायचं, दिसेल ते वहीत लिहायचं आणि या प्रश्नाचा पाठलाग करायचा. पक्ष्याचा नाही हं, प्रश्नाचा! पक्ष्याच्या मागं धावलं तर तो उडून जातो. प्रश्न मात्र जितका पळवाल तितका पुढं पुढं नेतो.

आधी ओळख पक्की

पहिल्याच रविवारी भाची ओरडली, “मामा, आज दोन तुतवार आहेत!” दुसरा पक्षी होता धोबी. तोही शेपटी हलवतो, म्हणून पुष्कळ जण फसतात. पण धोब्याची शेपटी लांब असते आणि तो फक्त तीच उडवतो. तुतवाराचं कमरेपासून मागचं सगळं अंगच झुलतं.

रंग बघा. पाठ ओल्या मातीसारखी तपकिरी, पोट पांढरं. आणि खरी खूण खांद्यापाशी. पोटाचा पांढरा रंग पंखाच्या पुढून वर चढलेला असतो, काळपट बंडीच्या बाहीतून आतला पांढरा सदरा डोकवावा तसा. उडाला की पाण्याला जवळजवळ टेकून जातो. पंख भराभर थरथरवतो, मग ताठ धरून तरंगतो, पुन्हा थरथरवतो. पंखावर एक पांढरी रेघ चमकते आणि कानावर बारीक शीळ पडते, ‘टी-वी-वी, टी-वी-वी’.

हे डुलणं कशासाठी? कुणी म्हणतं, वाहत्या पाण्याच्या लाटांमध्ये मिसळून जाण्यासाठी. कुणी म्हणतं, शिकारी पक्ष्याला सांगण्यासाठी, की बाबा रे, मी जागा आहे, उगाच दमू नकोस. शास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही. एक गोष्ट मात्र नक्की, की हे शाळेत शिकवलेलं नाही. तुतवाराचा अमेरिकेत एक चुलतभाऊ राहतो, पोटावर ठिपके असलेला. त्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडून जेमतेम उभं राहिलं, की डुलायला लागतं!

अंड्याएवढं वजन, हजारो किलोमीटर

तुतवाराचं वजन साधारण ५० ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याएवढं. हा एवढासा जीव येतो कुठून? आपल्या देशात तुतवार काश्मीर, लडाख आणि हिमालयातल्या नद्यांच्या काठी घरटी करतात. त्यापलीकडं मध्य आशिया, सायबेरिया, पार युरोपपर्यंत त्यांची घरटी असतात. नुसतं श्रीनगर धरलं, तरी तिथून शिरवळ सरळ रेषेत पावणेदोन हजार किलोमीटर आहे. एसटीनं साताऱ्याला जायचं म्हटलं तरी आपण डबा बांधून घेतो!

तुतवारही शिदोरी घेतो. फक्त ती पिशवीत नसते, कातडीखाली असते. प्रवासाआधी असे पक्षी खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवतात आणि उडताना तीच जाळतात. पुष्कळसा प्रवास रात्री होतो. वाट दाखवायला सूर्य असतो, तारे असतात आणि पृथ्वीचं चुंबकत्वही असतं. आपल्याला होकायंत्र विकत आणावं लागतं, त्यांच्या अंगातच ते बसवलेलं.

“पण इतक्या लांब यायचंच कशाला?” भाचीनं विचारलं.

पोटासाठी. हिवाळ्यात तिकडं नद्यांचे काठ गोठतात, किडे-अळ्या गडप होतात. मग उन्हाळ्यात परत कशाला जायचं? पिल्लांसाठी. उत्तरेकडं उन्हाळ्यातला दिवस लांब, किडे भरपूर आणि घरटं करायला मोकळी जागा. घरटं म्हणजे काय, तर काठावरच्या दगडगोट्यांत किंवा गवतात एक खळगा. त्यात चार अंडी. तीन आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि काही तासांतच धावू लागतात.

आता खरी गंमत ऐका. मोठे पक्षी बरेचदा आधी निघून जातात. पिल्लं मागून निघतात, तीही आईबाबांशिवाय! आयुष्यात न पाहिलेल्या ठिकाणी, न पाहिलेल्या वाटेनं.

खोटं वाटतं? मग २०२२ सालची गोष्ट सांगतो. अलास्कात गॉडविट जातीच्या एका पिल्लाच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारं छोटं यंत्र बसवलं होतं. गॉडविट हाही तुतवाराच्याच कुळातला, पण मोठा आणि लांब चोचीचा. पाच महिन्यांचं ते पोर ऑक्टोबरमध्ये निघालं आणि ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर जाऊन उतरलं. १३,५६० किलोमीटर, ११ दिवस. वाटेत एकदाही खाणं नाही, पिणं नाही, टेकणं नाही. खाली सगळा समुद्र!

“पाच महिन्यांचं?” भाची म्हणाली. “आमचं बाळ पाच महिन्यांचं होतं तेव्हा नुसतं कुशीवर वळायचं.”

काठ चालतो!

पौष उजाडला तेव्हा भाचीच्या लक्षात एक गोष्ट आली. “मामा, दगड मोठा झालाय.”

दगड वाढला नव्हता, पाणी उतरलं होतं. आम्ही एक युक्ती केली. दर रविवारी पाण्याची कड असेल तिथं बाभळीची एक खुंटी ठोकायची. चार रविवारांनी बघितलं, तर खुंट्यांची ओळ तयार! पहिली खुंटी कोरड्या मातीत आणि शेवटची पाण्याशी. काठ चालत चालत खाली गेला होता.

कुठं गेलं पाणी? पावसाळ्यात भोरकडच्या डोंगरांत धो-धो पाऊस पडतो. वरची देवघर आणि भाटघर धरणं भरतात, मग नीरेचं पाणी वीर धरणात साठतं आणि त्याचा फुगवटा शिरवळकडं पसरतो. हिवाळ्यात शेतीसाठी आवर्तन सुटतं. डाव्या कालव्यानं पाणी बारामती-इंदापूरकडं जातं, उजव्यानं फलटण-माळशिरसकडं. तिकडं ऊस पाणी पितो आणि इकडं फुगवटा ओसरतो. ओसरला की खालचा गाळ उघडा पडतो. काही ठिकाणी त्या ओल्या जमिनीत गाळपेर होते. आणि तुतवारासाठी तो गाळ म्हणजे वाढलेलं ताट!

गाळात काय असतं? भाचीनं काडीनं चिमूटभर चिखल उचलून पांढऱ्या बशीत घेतला आणि त्यावर पाणी ओतलं. त्यात लाल दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळलं. त्या होत्या डासांसारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्या. त्या लाल का असतात माहीत आहे? आपल्या रक्तात जे लाल हिमोग्लोबिन असतं, तसंच त्यांच्यातही असतं! चिखलात ऑक्सिजन कमी, म्हणून मिळेल तेवढा पकडून ठेवायला त्यांना ते उपयोगी पडतं.

(चिखलाजवळ जायचं ते मोठ्या माणसाला घेऊनच. धरणाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत पाय गुडघ्यापर्यंत धरून ठेवतो. मी एक चप्पल तिथं कायमची दान केलेली आहे.)

एकाच ताटात किती चोची

माघ आला. नदीच्या पलीकडं, पुरंदर तालुक्यातल्या वीर गावात म्हस्कोबाची यात्रा भरली आणि आमच्या काठावर पक्ष्यांची. गंमत म्हणजे इतके जण एका गाळावर जेवत होते आणि भांडण फारसं नव्हतं.

शेकाट्याचे पाय म्हणजे दोन लांबलचक गुलाबी काड्या. तो खोल पाण्यात उभा राहून जेवतो. पाणलाव्याची चोच लांब सरळ सुईसारखी. ती तो चिखलात खुपसतो आणि चोचीच्या टोकानंच चाचपून किडा शोधतो, अंधारात आपण खिशातलं नाणं शोधतो तसं. छोट्या कंठेरी चिखल्याची चोच आखूड, पण डोळे टपोरे. तो पळतो, गपकन थांबतो, बघतो, टिपतो. पुन्हा पळतो. आणि आपला तुतवार पाण्याच्या अगदी कडेनं, दगडादगडांवरून फिरत माश्या, भुंगेरे, अळ्या वेचतो. माशी दिसली की मान खाली घालून, मांजरासारखा दबकत जातो.

प्रत्येकाची चोच वेगळी, खोली वेगळी. म्हणून ताट एक, पण वाट्या वेगळ्या.

भांडण होतं ते वाटी एकच असली की. एका सकाळी दुसरा एक तुतवार त्या काळ्या दगडाकडं आला. आमचा तुतवार पंख उचलून, शीळ घालत असा धावून गेला, की पाहुणा आला त्या पावली परत! मोडक्या बांधापासून वाकड्या बाभळीपर्यंतचा काठ त्याचा. त्यापलीकडं दुसऱ्याचा. हिवाळ्यात तुतवार बहुधा एकटा राहतो आणि आपला तुकडा सांभाळतो. शेताच्या बांधावरून आपल्याकडं काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

“बघ!” मी म्हणालो. “दर वर्षी हाच तुकडा, हाच दगड. म्हणजे तोच असणार.”

“नाहीतर,” भाची म्हणाली, “हा तुकडा चांगला आहे, म्हणून जो कुणी येईल तो इथंच राहत असेल.”

पुन्हा मी गप्प.

भाला घेऊन आलेला करकोचा

‘तोच’ हे सिद्ध करणं सोपं नाही. दोन तुतवार शेजारी उभे केले, तर तुम्हाआम्हाला फरक कळणार नाही. एखाद्या पिसावरचा डाग लक्षात ठेवावा, तर पक्षी पिसं बदलतात. गेल्या वर्षीचा सदरा या वर्षी अंगावर नसतोच.

पूर्वी युरोपातल्या लोकांना तर हिवाळ्यात पक्षी जातात कुठं हेच कळत नव्हतं. काही विद्वान म्हणायचे, पाकोळ्या तळ्याच्या तळाशी चिखलात झोपून राहतात! मग १८२२ साली जर्मनीत क्लूट्झ नावाच्या गावाजवळ एक पांढरा करकोचा सापडला. त्याच्या मानेत लांब भाला आरपार घुसलेला होता आणि भाला होता आफ्रिकेतला. म्हणजे कुणीतरी आफ्रिकेत त्याला भाला मारला, तो वाचला आणि भाल्यासकट उडत जर्मनीत परत आला! प्रवासाचा असा पुरावा त्याआधी कुणी पाहिला नव्हता. तो करकोचा आजही रोस्टॉकच्या विद्यापीठात पेंढा भरून ठेवलेला आहे.

पण पुराव्यासाठी पक्ष्यांना भाले मारत बसायचं का? यावर डेन्मार्कमधल्या एका शाळामास्तरांनी उपाय काढला. मॉर्टेन्सन त्यांचं नाव. १८९९ साली त्यांनी मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची हलकी कडी घातली. कड्यावर क्रमांक आणि पत्ता. पक्षी कुठंही सापडला, की सापडणारा पत्र पाठवणार. पक्ष्याला जणू हजेरीपटावर नंबर मिळाला!

आपल्याकडं १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हे काम करते. डॉ. सालिम अली यांच्या पुढाकारानं १९६०च्या दशकात हजारो पक्ष्यांच्या पायांत अशी कडी घातली गेली. अशा कड्यांमुळेच आज आपल्याला माहीत आहे, की कितीतरी पाहुणे पक्षी हजारो किलोमीटर जाऊन पुढच्या हिवाळ्यात त्याच काठावर परत येतात. तुतवारही त्यांतलाच. काही तुतवार दहा वर्षांहून जास्त जगलेले सापडले आहेत. म्हणजे दहा वेळा जाणं आणि दहा वेळा येणं!

कडी घालण्याचं काम शिकलेल्या माणसांचंच हं. त्यासाठी परवानगी लागते. आपण पक्षी पकडायचा नाही. पण कुठं पायात कडं किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला, तर फोटो काढायचा, तारीख आणि जागा लिहायची आणि सोसायटीला कळवायचं. दर जानेवारीत आशिया खंडात पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे. तिच्यात तुम्हीही मोठ्यांबरोबर जाऊ शकता.

भाची दुर्बीण लावून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “याच्या पायात काही नाही.”

दगड बुडाला

फाल्गुन गेला, चैत्र आला. गाळ वाळून त्याला भेगा पडल्या. तुतवार दिवसभर खात होता. एप्रिलमधल्या एका रविवारी दगड रिकामा होता. पुढच्या रविवारीही. भाचीनं वहीत लिहिलं, ‘आज नाही.’

पुढं पाऊस लागला. ज्येष्ठात माउलींची पालखी निघाली. आमच्या खाली, नीरा गावाशी याच नदीत पादुकांना स्नान घातलं गेलं. वारकरी पंढरपूरहून घरी परततात, त्याच्या मागोमाग पाहुण्या पक्ष्यांतले पहिले तुतवारही यायला लागतात. हिवाळा यायला अजून कितीतरी महिने, पण यांना फार घाई.

ऑगस्टमध्ये आम्ही काठावर गेलो, तर काठच नव्हता. धरण तुडुंब. खुंट्या बुडाल्या, मोडका बांध बुडाला, काळा दगड कुठल्या कुठं खोल पाण्याखाली. आणि वरच्या बाजूला, रस्त्यालगत रचलेल्या दगडांवर एक तुतवार! वर, खाली, वर, खाली.

“आला बघ!” मी ओरडलो.

“कोण आला?” तिनं शांतपणे विचारलं आणि लगेच म्हणाली, “मामा, दगड वर येईपर्यंत थांबू. आपला असेल तर तो दगडावर येईल. आला तर लिहू, नाही आला तरी लिहू.”

मुलांनो, याला म्हणतात प्रयोग. आधी सांगायचं, काय होईल असं वाटतं. मग डोळे उघडे ठेवून थांबायचं. आणि जे होईल तेच लिहायचं, आवडो वा न आवडो.

आम्ही थांबलो. दसरा झाला, दिवाळी झाली. आवर्तन सुटलं. मार्गशीर्षात पाण्यातून काळं टोक दिसू लागलं. पहिल्या रविवारी त्यावर कुणी नव्हतं. दुसऱ्या रविवारी एक बगळा होता. तिसऱ्या रविवारी धुक्यातून ‘टी-वी-वी’ ऐकू आलं. एक तपकिरी पक्षी पाण्याला टेकून थरथरत आला, दगडावर उतरला आणि डुलायला लागला.

माझ्या अंगावर काटा आला. मी वही ओढली आणि लिहिलं, ‘तोच आला.’

भाचीनं खोडरबर काढलं. ‘तोच’ पुसलं आणि तिथं लिहिलं, ‘एक’. एक आला. खाली तारीख, वेळ, दगड, धुकं. सगळं नीट.

“असेलही तोच,” ती माझी समजूत काढत म्हणाली. “पण कडं कुठं आहे?”

मग ती पाण्याकडं बघत राहिली. वर्षभरात ती सहावीत गेली होती, चार बोटं उंच झाली होती आणि स्वेटरही नवा होता.

“मामा, त्याला तरी कळलं असेल का, की ही तीच मुलगी आहे?”

मी दगडाकडं बघितलं. तुतवार मान वाकडी करून आमच्याकडंच बघत होता. त्यानं वही ठेवली असती, तर त्यात नक्की लिहिलं असतं: एक मुलगी. त्याच काठावर. जरा उंच.